भाऊ आईसच्या नादी लागला, अमेरिकेतलं ते इंजेक्शन आपल्याकडं मिळते का?

वर्धेची_ताई

नमस्कार सगळ्यायले. पहिल्यांदाच लिहून राहिली, लांबण लागलं तर समजून घेजा. माहा लहान भाऊ, वय २६, माहेर राळेगाव तालुक्यात, मले वर्धेले दिली. भाऊ गोव्याले हॉटेलात कामाले होता, सीझनमध्ये डबल ड्युटी करा लागे म्हणून कोण्या सोबत्यानं त्याले आईस दिलं, काचेच्या खड्यावानी असते ते, नळीत गरम करून धूर ओढतेत, मेथ म्हणतेत म्हणे त्यालेच. दिवाळीले घरी आला तवा वळखू येत नव्हता, गाल आत, दात काळे, रात्र रात्र जागी, मोबाईलचे स्क्रू काढते अन् परत लावते, भिंतीमागं कोणी बोलते म्हणते. आई म्हणे बाहेरचं लागलं. मंग असा झोपते का दोन दिवस उठतच नाही, उठला का खा खा खाते अन् मंग रडते. मधात कोठून तरी परत आणते, नागपूरवरून बहुतेक.

आता मुद्द्याचं. नात्यातल्या ग्रुपवर फॉरवर्ड आला का अमेरिकेत मेथवर औषध सापडलं, एक इंजेक्शन अन् सोबत एक गोळी, दोन्ही घेतलं का सुटते. आमचे जावई म्हणतेत का त्यातलं इंजेक्शनचं औषध आपल्याइकडं गोळीत भेटते अन् दुसरी गोळी तर साधी डिप्रेशनची आहे, आपण आणू अन् देऊन टाकू, डॉक्टरचे हजार रुपये कायले घालवा. दुसरं असं ऐकलं का नवीन औषधाची टेस्टिंग चालते तिथं पेशंट फुकटात घेतेत. नागपूरले तसं काही असन तर भावाले घालता येईन का? का उंदरावानी प्रयोग करतेत पोट्ट्यायवर? आई तर नाहीच म्हणते.

हो अन् एक राहिलं, अंग दुखते म्हणून तो त्या ट्रामाडॉलच्या कॅप्सूल बी घेते, रोजच, कधी दोन कधी चार. त्याचं काही नाही ना?

जुना_खर्राबाज

फॉरवर्डवर औषध सापडलं म्हणजे झालंच. आमच्या ग्रुपवर तर कॅन्सरचं औषध दर हप्त्याले सापडते. ताई, नागपूरले घेऊन जा पोट्ट्याले, मेडिकलले नाही तर मेंटल हॉस्पिटलले, लोक काय म्हणतीन ते म्हणू द्या.

निसर्ग_उपचार_केंद्र

ताई चिंता सोडा १००% गॅरंटी. आमची पावडर चहात भाजीत टाकून द्या पेशंटला कळत पण नाही, दारू गांजा आईस एमडी सगळं २१ दिवसात बंद. इनबॉक्स करा.

जुना_खर्राबाज

घ्या, आले हे. चहात टाकून तंबाखूचा खर्रा सुटत असता तर माह्या बायकोनं मले कधीचाच सोडवला असता. ॲडमिन, उडवा याले.

मेडिकलचौक

ताई, मी नागपूरला सायकियाट्रीत रेसिडेंट आहे. तुमची शेवटची ओळ वाचून आधी ती धरतो, बाकीचं नंतर. ट्रामाडॉल चालू आहे ना, मग जावयांना आत्ताच फोन करा आणि सांगा की ती गोळी आणली असेल तरी द्यायची नाही. ट्रामाडॉल हे अफूच्या घराण्यातलं औषध आहे. फॉरवर्डमधलं इंजेक्शन म्हणजे नालट्रेक्सोन, ते नेमकं अफूच्या औषधांची जागा अडवतं. ज्याच्या अंगात रोजचं ट्रामाडॉल आहे त्याला नालट्रेक्सोन दिलं की तासाभरात उलट्या, जुलाब, पोटात पिळा, घाम, तडफड, सगळं एकदम सुरू होतं. गोळी असेल तर एक-दोन दिवसात उतरेल, इंजेक्शन असेल तर ते काही आठवडे अंगात राहतं, काढून टाकता येत नाही. म्हणून अशा पेशंटला आधी ७ ते १० दिवस अफूवालं सगळं बंद ठेवून मगच नालट्रेक्सोन देतात. आणि दुसरी गोळी ब्युप्रोपिऑन, तिच्यानं फिट येण्याचा धोका वाढतो, ट्रामाडॉलनं पण वाढतो, आणि मेथनंही वाढतो. तीन्ही एका पोरात, गावात, रात्री अकराला. म्हणजे विचार करा.

पण याचा अर्थ उद्यापासून कॅप्सूल खटकन बंद करा असाही नाही, त्याचाही त्रास होतो. डॉक्टर हळूहळू उतरवतील.

फॉरवर्ड मात्र अगदीच खोटा नाही. अर्धा खरा आहे आणि तोच प्रॉब्लेम आहे. संध्याकाळी ड्युटी संपली की सविस्तर लिहितो.

वर्धेची_ताई

बापा, बरं झालं विचारलं. जावयायले फोन केला, त्यायनं गोळ्या आणल्याच होत्या. परत करा म्हटलं.

राळेगावचा_मेडिकलवाला

परत घेत नाही आम्ही कापलेली स्ट्रिप हे आधी सांगतो, मजाक सोडा पण चिठ्ठीशिवाय दिल्याच कोणी. आमच्याइकडंच कोणी दिलं असन तर लाजच आहे. ट्रामाडॉलचं तर काय सांगू, २०१८ पासून ते एनडीपीएस या नशेच्या पदार्थायच्या कायद्यात आहे तरी पोट्टे येतेत अन् नाव बी घेत नाही, बोटानं दाखवतेत. नाही म्हटलं का दुसऱ्या गावाले जातेत.

मेडिकलचौक

आता ती टेस्टिंग. ते संशोधन जानेवारी २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं, अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा पैसा होता, औषध कंपनीची जाहिरात नव्हती. २०१७ ते २०१९ मध्ये आठ ठिकाणी मिळून ४०३ लोक घेतले, वय १८ ते ६५, आणि सगळे जबरदस्त वापर असलेले, म्हणजे आधीच्या ३० दिवसांपैकी किमान १८ दिवस मेथ घेतलेले. सगळ्यांना मेथ कमी तरी करायची होती किंवा सोडायची होती, बापानं ओढून आणलेले नव्हते. आणि ज्यांना अफूच्या औषधांची सवय होती त्यांना घेतलंच नाही, कारण वर सांगितलं तेच. म्हणजे तुमचा भाऊ आजच्या घडीला त्या ट्रायलच्या दारातूनच परत आला असता.

औषध काय होतं, तर नालट्रेक्सोनचं ३८० मिलिग्रॅमचं कमरेतलं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, सोबत ब्युप्रोपिऑन वाढवत वाढवत रोज ४५० मिलिग्रॅमपर्यंत. जावई जी साधी गोळी म्हणताहेत तो डोस साधा नाही. दुसऱ्या गटाला दिसायला तसंच इंजेक्शन आणि तशाच गोळ्या, पण आत औषध नाही. कोणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. सहा आठवड्यांचे दोन टप्पे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी चार वेळा लघवी तपासायची, चारपैकी किमान तीन वेळा मेथ सापडली नाही तर औषध लागू पडलं असं धरायचं.

पहिल्या टप्प्यात औषधवाल्या १०९ पैकी १८ जणांना लागू पडलं, बिनऔषधवाल्या २९४ पैकी १० जणांना. दुसऱ्या टप्प्यात, पहिल्यात ज्यांना बिनऔषधाचं देऊन काही फरक पडला नव्हता त्यांचेच परत दोन भाग पाडले, त्यात ११४ पैकी १३ आणि १११ पैकी २. दोन्ही टप्पे मिळून हिशोब लावला तर औषधवाले १३.६ टक्के, बिनऔषधवाले २.५ टक्के.

जुना_खर्राबाज

शंभरात चौदा? दहावीले ३५ लागतेत पास व्हाले. हे तर ग्रेस देऊन बी नापास.

वर्धेची_ताई

मंग फॉरवर्डमध्ये तर सुटते असं छातीठोक लिहिलं होतं. शंभरात चौदाच असन तर मी आईले काय सांगू. अन् मले ते समजलं नाही, बिमार माणसाले मुद्दाम पाण्याचं इंजेक्शन देणं म्हणजे फसवणूकच नाही का? तो बिचारा आशेनं आला अन् तुम्ही त्याले खोटं टोचलं.

कपाशीवाला_कळंब

ताई मी डॉक्टर नाही, शेतकरी माणूस, पण हे मले समजते. कृषी विद्यापीठवाले वावरात नवीन फवारणीचा प्लॉट टाकतेत तवा मधात एक पट्टा बिनाफवारणीचा सोडतेतच, नाहीतर बोंडअळी औषधानं गेली का पाऊस झाला म्हणून गेली, कसं कळन? कंपनीवाले तो पट्टा सोडत नाहीत, म्हणून त्यायच्या प्लॉटवर सगळंच हिरवंगार दिसते अन् आपण बुडतो.

मेडिकलचौक

दादा, मी वर्गात इतकं सरळ कधी ऐकलं नाही. आणि इथं तो पट्टा जास्तच लागतो, कारण मेथवाल्याचा वापर आपोआपही वरखाली होत असतो. पैसे संपले, अटक झाली, पोर झालं, मित्र गेला, महिनाभर बंद. त्याच महिन्यात कोणी पावडर दिली असेल तर पावडरचं नाव होतं.

ताई, फसवणूक यासाठी नाही की हे आधीच सांगितलेलं असतं. कागदावर लिहिलेलं असतं की तुम्हाला बिनऔषधाचं मिळू शकतं, चालेल का, आणि कधीही सोडून जाऊ शकता, सोडलं म्हणून तुमची नेहमीची ट्रीटमेंट बंद होणार नाही. त्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांना समुपदेशन चालू होतंच.

आता शंभरात चौदा. खर्राबाज भाऊंना हसू आलं पण हा आकडा एकटा वाचायचा नाही, २.५ च्या शेजारी ठेवून वाचायचा. साधारण नऊ जणांना हे औषध दिलं तर एक जण असा निघतो की ज्याला औषधामुळे फरक पडला. मेथसाठी आतापर्यंत इतकं काही नव्हतंच म्हणून त्याची बातमी झाली. दारूला डायसल्फिरॅम आहे, नालट्रेक्सोन आहे, ब्राउन शुगरला मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आहे, पण मेथसाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेनं, एकही औषध मंजूर केलेलं नाही, हे २०२१ च्या ट्रायलमधलं पण नाही. आणि ती ट्रायल बारा आठवड्यांची होती. बारा आठवड्यांत चारपैकी तीन लघव्या साफ म्हणजे जन्माचं सुटलं असा अर्थ कोणी काढला नाही, काढला तो फॉरवर्डवाल्यानं.

सुटलेला_परतवाडा

मी घेतलेली आहे मेथ, गोव्यालाच नाही पण तिकडच्याच बाजूला, कामाच्या ठिकाणी. स्क्रू काढणं, भिंतीमागचे आवाज, सगळं वाचून अंगावर काटा आला. मला डॉक्टरांनी मिर्टाझापिन दिली होती रात्रीची, झोप आणि उदासी यासाठी. झोप लागायला लागली, भूक लागायला लागली, वजन वाढलं, आणि ओढ कमी झाली असं मला वाटतं. मग ती का नाही सांगत तुम्ही? इंजेक्शनचं महाग असेल, ही तर स्वस्त गोळी आहे.

मेडिकलचौक

भाऊ, तुम्ही बाहेर आलात हे ऐकून मस्त वाटलं. मिर्टाझापिनची टेस्टिंग झालेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०११ ला ६० जणांवर आणि मग २०२० ला १२० जणांवर, रोज ३० मिलिग्रॅम. दोन्हीत लघवीतली मेथ बिनऔषधवाल्या गटापेक्षा कमी झाली. गंमत अशी की दुसऱ्या ट्रायलमध्ये लोकांनी अर्ध्याहून कमी गोळ्या घेतल्या, डबीवरच्या यंत्रानं ते पकडलं, तरी फरक दिसला. पण दोन्ही ट्रायलींतली माणसं एकाच शहरातली, एकाच प्रकारच्या गटातली, समलैंगिक संबंध असलेले पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया. राळेगावच्या पोराला तेवढंच लागू पडेल हे त्यावरून सांगता येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी झोप आणि उदासीसाठी दिली ते बरोबरच केलं, ती मंजूर आहे ती उदासीसाठीच. मेथची ओढ तिनं गेली का तुम्ही गोवा सोडला म्हणून गेली, हे मी पण सांगू शकत नाही आणि तुम्ही पण नाही.

सुटलेला_परतवाडा

बरोबर आहे. त्याच सुमाराला मी सिम पण तोडलं होतं.

राळेगावचा_मेडिकलवाला

डॉक्टरसाहेब, एक विचारतो. एन-ॲसिटिलसिस्टीन, ते पाण्यात टाकून विरघळते ते, त्याच्यानं नशेची ओढ जाते असं यूट्यूबवर पाहून दोघं-तिघं मागून गेले माह्याकडून. मी दिलं, त्यात नुकसान तं काही नाही.

मेडिकलचौक

नुकसान फार नाही पण मेथसाठी उपयोगही दिसला नाही. ऑस्ट्रेलियात त्याचीच १५३ जणांवर ट्रायल झाली, बारा आठवडे, रोज २४०० मिलिग्रॅम, निकाल २०२१ ला आला. दोन्ही गटांत काही फरक नाही. मेथचे दिवस कमी झाले नाहीत, ओढ कमी झाली नाही. उंदरांवर छान चाललं होतं.

तुमच्या सगळ्यांच्या माहितीसाठी, त्याहून वाईटही झालेलं आहे. फिनलंडमध्ये ॲम्फेटामाइन टोचून घेणाऱ्यांना ॲरिपिप्राझोल हे मनोविकाराचं औषध देऊन पाहिलं, कल्पना अशी की मेंदूतलं मजेचं रसायन, डोपामाइन, ते सांभाळेल. २००७ ला निकाल छापला. औषधवाल्या गटाच्या लघवीत बिनऔषधवाल्यांपेक्षा जास्त वेळा ॲम्फेटामाइन सापडलं आणि ट्रायल मधातच थांबवावी लागली. कागदावर बरोबर दिसणारं औषध माणसात उलटं पडू शकतं. ताईच्या जावयांनी घरी तेच करून पाहिलं असतं, फक्त थांबवायला कोणी नसतं.

आणि सध्या ज्यावर जास्त चर्चा आहे ते म्हणजे बदली औषध, ब्राउन शुगरला मेथाडोन देतात तसं. मेथवाल्याला डॉक्टरच्या देखरेखीत हळू चढणारं, हळू उतरणारं उत्तेजक द्यायचं. ऑस्ट्रेलियात लिस्डेक्सअँफेटामाइन नावाचं औषध २५० मिलिग्रॅमनं १६४ जणांना देऊन पाहिलं, २०२४ मध्ये आलं, मेथ घेण्याचे दिवस औषधवाल्यांत कमी निघाले. हे ऐकून कोणी घरी उत्तेजक द्यायचा विचार करू नका, तिथं ते दवाखान्यात समोर बसवून, बीपी मोजून देत होते.

जुना_खर्राबाज

म्हणजे औषधानं औषध मारायचं. मंग बिनाऔषधाचं काहीच नाही का?

मेडिकलचौक

आहे, आणि औषधांपेक्षा त्याचाच निकाल सगळ्यात सातत्यानं चांगला आलेला आहे. लघवी साफ निघाली की लगेच बक्षीस, कूपन किंवा व्हाउचर, पुढच्या वेळी साफ निघाली तर थोडं जास्त, खराब निघाली तर परत पहिल्यापासून. कॅलिफोर्नियात २०२३ पासून सरकारी विम्यातच हे सुरू केलं. तुम्हाला हसू येईल.

जुना_खर्राबाज

हसू नाही, राग येऊन राहिला. आम्ही खर्रा सोडला तर कोणी पाच रुपये दिले नाही. नशा न करायचे पैसे!

सुटलेला_परतवाडा

भाऊ, मेथनं डोक्याला लगेचची सवय लागते, आत्ताच्या आत्ता मजा. सहा महिन्यांनी तब्येत सुधारेल हे त्या डोक्याला ऐकूच येत नाही. माझा मोठा भाऊ दर साफ टेस्टला मला क्रिकेट टीमच्या सामन्याची वर्गणी भरून देत होता, रोख नाही. रोख दिली असती तर काय झालं असतं ते मला माहीत आहे.

वर्धेची_ताई

तुमचं सगळं वाचलं दोनदा, रात्री झोपच नाही आली. आता माहे प्रश्न. भाऊ आईस म्हणते पण त्याचा नागपूरचा सोबती एमडी म्हणते, दोन्ही एकच का? दुसरं, नागपूरले टेस्टिंग चालू आहे का नाही ते कसं पाहावं? तिसरं म्हणजे दवाखान्यात नेलं अन् पोलिसायले कळवलं तर? बाबा याच भीतीनं नेऊ देत नाहीत. चवथं, घरी तपासायची पट्टी भेटते ती आणू का?

मेडिकलचौक

एक एक करून. आईस आणि एमडी वेगळं. आपल्याकडं नागपूरला जे एमडी म्हणून पकडलं जातं ते मेफेड्रोन असतं, पांढरी पूड किंवा बारीक खडे, फेब्रुवारी २०१५ पासून एनडीपीएस कायद्यात आलं. दोन्ही उत्तेजकच, झोप उडवतात, शंका वाढवतात, पण वर ज्या ट्रायली सांगितल्या त्या मेथवाल्यांवरच्या आहेत. गोव्यात मेथ घेत असेल आणि नागपूरवरून आणताना एमडी येत असेल तर दोन्हीही घेत असेल. त्याला रागावून विचारू नका, डॉक्टरला कळणं गरजेचं आहे एवढंच सांगा.

पट्टी आणली तरी हरकत नाही पण तिच्यावर घर पेटवू नका. नेहमीच्या पट्टीत मेफेड्रोन बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणजे पट्टी साफ आणि पोरगा जागा. मेथ लघवीत साधारण दोन ते चार दिवस दिसते. आणि उलटंही होतं, ब्युप्रोपिऑन घेणाऱ्याची पट्टी ॲम्फेटामाइनला खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते, सर्दीच्या काही गोळ्यांनी पण येते. म्हणजे जावयांची गोळी घेऊन पोरगा साफ राहिला असता आणि पट्टीनं त्याला चोर ठरवलं असतं. म्हणून ट्रायलमध्ये आणि कोर्टात मोठ्या मशीनवर खात्री करतात.

राळेगावचा_मेडिकलवाला

हे पट्टीचं मले बी नवीन आहे. लोक तं पट्टी घेऊन जातेत अन् मारामारी करतेत.

मेडिकलचौक

पोलिसांचं. डॉक्टरचं काम उपचार करणं आहे, मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. आणि एनडीपीएस कायद्यातच कलम ६४ अ आहे, नशेची सवय असलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केला, तर स्वतःच्या सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यातून त्याला सूट मिळते. विकायचं असेल तर नाही. उपचार अर्धे सोडले तर सूट काढून घेता येते. बाबांना हे वाचून दाखवा.

टेस्टिंगचं. आपल्या देशात कोणतीही ट्रायल सुरू करायच्या आधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत टाकावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. कोणीही उघडून पाहू शकतं, आजाराचं नाव टाका, गाव टाका, कोणत्या दवाखान्यात चालू आहे, कोणाला घेतात, कोणाला नाही, सगळं येतं. आणि उंदीर म्हणालात ना, तो प्रश्न चुकीचा नाही, आपल्या देशात गरिबांना न विचारता औषधं दिल्याच्या तक्रारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या होत्या, त्यानंतर नियम कडक झाले. २०१९ च्या नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, संमतीचा कागद तुम्हाला समजेल त्या भाषेत लागतो, म्हणजे मराठीत, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं ट्रायलवाल्यांवर बंधनकारक आहे. ट्रायलचं औषध म्हणून कोणी तुमच्याकडं पैसे मागत असेल तर तिथून उठून या.

पण खरं सांगू, आत्ता ट्रायल शोधत बसू नका. त्याला आवाज ऐकू येताहेत, ट्रामाडॉलची सवय लागली आहे, उदासी आहे. ट्रायलवाले अशा पेशंटला आधी स्थिर करून आणा म्हणतील आणि ते बरोबर आहे. तुम्हाला जवळ यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज, वर्धेला सेवाग्राम, मनोविकार ओपीडी दोन्हीकडं आहे. रात्री-बेरात्री घाबरल्यासारखं झालं तर १४४१६ टेली-मानस, मराठीत बोलतात. व्यसनासाठी वेगळा नंबर १४४४६.

एक विचारायचं राहिलं, घरी फवारणीचं औषध कुठं ठेवता?

वर्धेची_ताई

कोठ्यात. म्हणजे त्याच्याच खोलीच्या मागं. सगळ्यायच्याच घरी असते तसं.

मेडिकलचौक

आज हलवा. काकाच्या घरी, दुसऱ्या वावरातल्या कोठडीत, कुलूप लावून, किल्ली बाबांच्या खिशात. तणनाशक पण. मेथ उतरते त्या दोन-चार दिवसांत जो तुम्ही झोपणं आणि रडणं सांगितलं, त्यात मरायचे विचार येतात आणि ते किती खरे आहेत हे त्याला स्वतःलाही कळत नाही. त्याला थेट विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं डोक्यात येत नाही, असतं ते बाहेर येतं. हो म्हणाला तर ओपीडीची वाट पाहू नका, कॅज्युअल्टीला न्या.

कपाशीवाला_कळंब

हे मात्र सगळ्यायनं ऐका. आमच्या गावात दोन घरं अशी आहेत.

वर्धेची_ताई

बाबायले फोन केला. काकाच्या कोठडीत नेऊन ठेवतेत आताच. ६४ अ चं बी सांगितलं, ते म्हणाले लिहून पाठव.

पण तो यायले तयारच नाही. मले नशा नाहीच म्हणते, मी कधीही सोडू शकतो म्हणते. पकडून नेणाऱ्या एका केंद्राचा नंबर दिला कोणी, ते म्हणे रात्री गाडी पाठवतेत अन् उचलून नेतेत.

सुटलेला_परतवाडा

तसल्या एका ठिकाणी मी राहून आलो आहे, नाव घेत नाही. फोन बंद, दार बंद, मारणं, फरशी पुसायला लावणं, औषध काही नाही, डॉक्टर दिसला नाही. बाहेर आलो आणि त्याच रात्री ओढली. दुसऱ्यांदा मोठ्या भावानं वेगळं केलं. नशा सोडायची का हा शब्दच काढला नाही. म्हणाला तुला झोप नाही, जबडा दुखतो, झोपेचं तेवढं दाखवून येऊ, मी सोबत आहे. मला झोपच पाहिजे होती म्हणून गेलो. बाकीचं डॉक्टरनी पाचव्या-सहाव्या भेटीला काढलं.

झोपून उठल्यावर, पोट भरल्यावर विचारा. जागा असताना अजिबात नाही, तेव्हा त्याला सगळे पोलीस दिसतात.

मेडिकलचौक

याच्यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही. गाडी पाठवणाऱ्यांचं विसरा, जिथं मनोविकारतज्ज्ञ नाही आणि कोंडून ठेवतात तिथं कायद्यानं पण ठेवता येत नाही.

आणि बाबांना एक सांगा, स्कॅन करून पाहिलेलं आहे, वर्षभराहून जास्त मेथपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूत डोपामाइनची यंत्रणा बऱ्यापैकी परत भरून येताना दिसते. वेळ लागतो. पहिले काही महिने तो सुस्त, चिडका, कशातच मन नसलेला दिसेल, तेव्हा काम करत नाही म्हणून टोमणे नकोत.

वर्धेची_ताई

झोपेचं म्हटलं तर येईन तो, दाताचं म्हटलं तर नक्कीच येईन, दातानं हैराण आहे. मंगळवारी मी माहेरी जातो अन् तिथूनच यवतमाळले नेतो. सोबत काय काय आणू? त्या कॅप्सूलचं पाकीट तो लपवते, रिकामं एक सापडलं त्याचा फोटो काढला. फोटो चालते का?

मेडिकलचौक

चालतो. नाव आणि मिलिग्रॅम वाचता आलं पाहिजे. जावयांनी आणलेल्या गोळ्या पण पिशवीत टाका, त्यातली एखादी आधीच दिली असेल तर तेही सांगा. आधार कार्ड लागेल केसपेपरला. दात दाखवायचेच आहेत तर दंत ओपीडी पण करून घ्या, त्याला खोटं बोलून आणलं असं वाटायला नको.

राळेगावचा_मेडिकलवाला

ताई, बसस्टँडजवळच माहं दुकान आहे. त्या गोळ्या कोणत्या दुकानातून दिल्या ते मले बी सांगजा.